भूतदयेची बाराखडी

मे महिना उजाडला की घरोघर एकच प्रश्न घुमू लागतो: मुलांना सुटीत गुंतवावयाचे कसे? आंबे खाऊन होतात, पत्ते कुटून होतात, मामाचे गावही पाहून होते. तरी सुटीचे पंधरा दिवस शिल्लकच! यंदा शेजारच्या वहिनींनी बातमी आणली. गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात मुलांसाठी दहा दिवसांचे शिबिर भरणार होते. सकाळी आठला जावयाचे, दुपारी एकला परत. आमचे चिरंजीव इयत्ता सहावीत. त्यांनी घर डोक्यावर घेतले. मदतीला एखाद-दुसरा पालक हवाच होता. कॉलेजला सुटी असल्यामुळे मीही गेले.

मुलांची कल्पना अशी की, पिल्ले मांडीवर घेऊन बसावयाचे. पहिल्या दिवशी हाती आले ते खराटे आणि बादल्या! पाण्याची भांडी घासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी पहिला धडा दिला. "विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही. मला तर विचाराच, पण कुत्र्यालाही विचारा."

कुत्र्याला विचारावयाचे कसे? समोरून धावून न जाता थोडे बाजूला, खाली बसून थांबावयाचे. तो आपण होऊन वास घेण्यास आला तर होकार. शेपूट पायांत घातली, कान मागे पाडले, उगाच ओठ चाटू लागला तर नकार. शेपूट हलली म्हणजे स्वारी खूष, हा माझा जन्माचा समजही बाईंनी खोटा ठरविला. वीस वर्षे मी व्याकरण शिकविते आहे. पण या मुक्या भाषेचे व्याकरण मला कोठे ठाऊक होते?

"आणि चावला तर?" एका चिमुरडीने विचारले. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावयाची आणि तडक दवाखाना गाठून लस घ्यावयाची. हळद नाही, चुना नाही, आणि बोलणी बसतील म्हणून लपविणे तर मुळीच नाही. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. १८८५ साली पाश्चरने ज्याला लस टोचली तो जोसेफ माइस्टर अवघा नऊ वर्षांचा होता, हे ऐकून मुले सावरून बसली.

भूतदया आपल्याला नवी नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दुकाने बंद पडली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व त्यांच्या व्यापारी स्नेह्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. मग उणे कोठे पडते? त्याचे उत्तर मला सहाव्या दिवशी मिळाले.

त्या सकाळी निवाऱ्याच्या फाटकाशी एक खोके सापडले. आत पाच पिल्ले, डोळे नुकते उघडलेले. म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांची. "या वयात त्यांना स्वतःची ऊबही पुरेशी धरता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "निदान सहा-आठ आठवडे तरी आई हवी." मावशींनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, दर काही तासांनी दूध पाजले. दुसऱ्या दिवशी दोन पिल्ले गेली.

घरी परतताना चिरंजीव बसमध्ये संतापून म्हणाले, "आई, ज्यांनी ते खोकं ठेवलं ते किती दुष्ट असतील गं!"

मी गप्प राहिले. मग म्हटले, "दुष्टच असतील असं नाही."

मी आठ वर्षांची असताना आमच्या वाड्याच्या जिन्याखाली एक कुत्री व्याली होती. आजोबांनी गड्याला सांगितले, पिल्ले नदीपलीकडे सोडून ये. कुत्री गड्यावर गुरगुरे. माझ्यावर मात्र तिचा विश्वास. म्हणून टोपलीत एकेक पिल्लू मी माझ्या हाताने घातले. पलीकडे त्यांना मोकळे रान मिळेल, असे मला सांगण्यात आले. कुत्री तीन दिवस जिना हुंगत होती. आमच्या घरात दुष्ट कोणी नव्हते. गाईला घास घातल्यावाचून आजोबा पानावर बसत नसत.

हे आजवर मी कोणाला सांगितले नव्हते. चिरंजीव बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "तुला कोणी सांगितलं नव्हतं ना?"

"नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं."

शिबिर संपले. उरलेल्या तीन पिल्लांपैकी दोघांना घरे मिळाली. तिसरे निवाऱ्यातच लहानाचे मोठे होत आहे. जूनमध्ये चिरंजीवांनी गल्लीतल्या चार मित्रांना गोळा करून आमच्या भुरीला शस्त्रक्रियेसाठी पाठविले. आता तिला पिल्ले होणार नाहीत. रेबीजची लस टोचून आणि खूण म्हणून कानाचे टोक कापून तिला परत आमच्याच गल्लीत आणून सोडले. दोन दिवस ती आमच्यावर रुसली होती.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फटाक्यांनी कान किटले असतील. भुरीला त्या आवाजाची फार धास्ती. चिरंजीवांनी आताच जिन्याखाली गोणपाट अंथरून ठेवले आहे आणि पाण्याचे भांडे घासून उपडे घातले आहे. तिला तेथे यावयाचे आहे की नाही, ते मात्र तिलाच विचारणार आहेत म्हणे!