क्रॅक कॉपी कशाला? ओपन सोर्स आहे ना!

मसाल्याच्या पाकिटाचं लेबल करायचंय म्हणून डिझाइन सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी टाकून घेताय? थांबा जरा. तिच्यासोबत व्हायरस आला आणि उधारीची यादी गेली, तर वसुली कशाच्या आधारावर करणार?

त्यापेक्षा इंकस्केप डाउनलोड करा. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही बघावा, सुधारावा, वाटावा. धंद्यासाठी वापरलं तरी पैसे नाहीत. मराठी अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्ता' किंवा 'बलू' हे फॉन्ट घ्या, लेबलवर छापायची परवानगी आहेच. प्रेसवाला त्याच्या सॉफ्टवेअरची फाइल मागेल, त्याला पीडीएफ द्या. फक्त अक्षरं आधी पाथमध्ये बदलून घ्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. आणि छापताना रंग थोडे बदलतात, म्हणून आधी एकच नमुना काढून बघा.

असल्या फुकटच्या गोष्टीवर भरवसा कसा ठेवायचा, असं वाटतंय? तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सवरच चालतो, आणि लिनक्स 1991 मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने सुरू केलं.

हिशेब वाढला की मुंबईच्याच फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा. तेही ओपन सोर्स. पण स्पष्ट सांगतो, सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर आणि बसवून देणारा माणूस फुकट नाही, आणि बॅकअप तुम्हालाच घ्यायचाय. पहिला महिना जुनी वही बंद करू नका. दोन्हीकडे लिहा, रोज रात्री गल्ला जुळवा.