वडाप : भरली की सुटणारी गाडी

कोल्हापूर-सातारा भागात जिला 'वडाप' म्हणतात, तीच विदर्भ-मराठवाड्यात 'काळी-पिवळी'. नावे वेगळी, नियम एकच : गाडी भरली की सुटते. तुर्कस्तानातल्या अशाच गाडीचे नाव 'डोलमुश'. त्या शब्दाचा अर्थही 'भरलेली' असाच होतो.

या नियमामागचे अर्थकारण साधे आहे. एसटी वेळापत्रकाने धावते, म्हणून रिकाम्या आसनाचा तोटा महामंडळ सोसते. वडापवाल्याच्या पाठीशी कोणी नसते. तो हा तोटा प्रवाशाकडे सरकवतो. पैशांत नव्हे, तर वेळेत. गाडी भरल्यावरही मागे आणखी दोघांना कोंबले जाते, ते याच हिशेबाने.

कायद्यात मात्र या गाडीला नीट जागा नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये दोन मुख्य प्रकार आहेत. टप्पा वाहतुकीत प्रत्येक जण आपले भाडे देतो, वाटेत चढतो-उतरतो. कंत्राटी वाहतुकीत गाडी ठरवून घेतात. वाटेत इतर प्रवासी घ्यायचे नसतात. चालक सोडून सात ते बारा प्रवाशांची 'मॅक्सीकॅब' कायद्याने दुसऱ्या प्रकारात घातली. वडाप म्हणून धावताना ती काम करते पहिल्या प्रकारचे. फाट्यावर हात दाखवणाऱ्या बाईसाठी गाडी थांबली, की परवान्याची अट मोडते. त्याची किंमत अपघातानंतर कळते. परवान्याबाहेरच्या वापरावर बोट ठेवून विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते, आणि जखमीच्या घरचे न्यायाधिकरणात हेलपाटे घालत राहतात.

नोव्हेंबर 2021 मधील एसटी संपात शासनानेच खासगी बस, शाळेच्या बस, इतकेच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. म्हणजे गरज शासनालाही ठाऊक आहे. ती मान्य होते फक्त अडचणीत.

पण नुसती मान्यताही पुरत नाही. केनियात 'मटाटू' गाड्यांना 1973 मध्ये परवान्यातून सूट मिळाली. सीटबेल्ट आणि ताशी 80 किलोमीटरच्या वेगनियंत्रकाची सक्ती आली ती 2004 मध्ये. मधली 31 वर्षे प्रवाशांनी जीव मुठीत धरून काढली.

म्हणून परवाना, आसनसंख्या आणि विमा या तिन्ही गोष्टी एकदमच यायला हव्यात. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. ज्या गावात एसटीच जात नाही, तिथली बाई पूर्ण भाडे देते आणि विम्याच्या भरवशाविना बसते. सार्वजनिक वाहतुकीचा हिशेब तिच्यापासून मांडायला हवा.