जुना टेपरेकॉर्डर आणि बाहेरचा मिक्सर

'मिक्सर' म्हटले की घरोघरी चटणीचे भांडे डोळ्यांपुढे येते. ह्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा पहिली शंका आमच्या घरातूनच निघाली! तेव्हा आरंभीच खुलासा केलेला बरा. सभेच्या वेळी व्यासपीठाच्या बाजूस लाऊडस्पीकरवाला ज्या पेटीची बटणे वरखाली करीत बसलेला असतो, तो आमचा मिक्सर. निरनिराळ्या माईकांतून येणारे आवाज कमीजास्त करून एकत्र करणे, हे त्याचे काम. आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत व मोर्चांत गेले, त्यामुळे ह्या पेटीशी आमची ओळख जुनी आहे. शाळेत आम्ही फार पुढे गेलो नाही. विजेचे जे काही ज्ञान आहे ते वायरमन व फिटर बंधूंच्या शेजारी उभे राहून मिळविलेले. व्याख्यानानंतर अनेकांनी 'जोडणी लिहून द्या' असा आग्रह धरला, म्हणून हा लेख.

ह्या भानगडीत आम्ही पडलो ते एका टेपमुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील संप सुरू झाला. त्या दिवसांत आमच्या वस्तीतील कलापथकाने काही गाणी चार ट्रॅकांच्या यंत्रावर भरून ठेविली होती. पहिल्या ट्रॅकवर मुख्य शाहीर, दुसऱ्यावर झीलकरी, तिसऱ्यावर ढोलकी व हलगी. चौथा ट्रॅक कोराच राहिला. पुढे ते यंत्र मोडीत गेले, शाहीरही गेले. टेप तेवढी एका पत्र्याच्या पेटीत राहिली. ती पुन्हा ऐकावी आणि कोऱ्या ट्रॅकवर शाहिरांच्या मुलीने त्यांच्या सोबतीने गावे, असे आम्हां सर्वांच्या मनात आले.

आता चार ट्रॅकांचे यंत्र म्हणजे काय ते पाहू. टेपची रुंदी पाव इंच. घरगुती स्टिरिओ यंत्रातही तिच्यावर चारच ट्रॅक असतात. पण दोन जाताना वाजतात आणि रीळ उलटल्यावर उरलेले दोन. आपल्या यंत्रात चारही ट्रॅक एकाच दिशेने, एकाच वेळी चालतात. अशी टेप घरगुती यंत्रावर लावली तर चारांपैकी दोन सरळ ऐकू येतील आणि रीळ उलटल्यावर उरलेले दोन शेवटाकडून सुरुवातीकडे! १९७० च्या दशकात जपानच्या टीॲक कंपनीचे ए-३३४०एस हे अशा यंत्रांपैकी फार नावाजलेले होते. साडेदहा इंची रीळ आणि सेकंदाला साडेसात किंवा पंधरा इंच, असे दोन वेग. ३६०० फुटांची टेप पंधराच्या वेगाने ४८ मिनिटे चालते.

ह्या यंत्राचा खरा गुण असा की, एक ट्रॅक आज भरावा, दुसरा उद्या, आणि दुसरा भरताना पहिला ऐकावा. त्यात एक अडचण आहे. टेपच्या वाटेवर ओळीने तीन हेड असतात : पुसणारे, भरणारे आणि वाजविणारे. भरणाऱ्या व वाजविणाऱ्या हेडांत दीड इंचाचे अंतर धरले, तर पंधरा इंचांच्या वेगाला सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडतो. गाणारा वाजविणाऱ्या हेडवरून जुना ट्रॅक ऐकून गायला, तर नवा आवाज तेवढा मागे पडतो. दहावा भाग ऐकायला थोडा वाटतो. ढोलकीवाल्याला विचारा, तो कपाळाला हात लावील. उपाय असा की, जुने ट्रॅक तेवढ्यापुरते भरणाऱ्या हेडवरूनच वाजवावयाचे. अमेरिकेत अँपेक्स कंपनीने लेस पॉल ह्या गिटारवादकासाठी १९५७ साली आठ ट्रॅकांचे यंत्र दिले, त्यात ही सोय होती. तिला 'सेल-सिंक' म्हणत. टीॲकने आपल्या यंत्रात तिचे नाव 'सिमुल-सिंक' ठेविले.

मग मिक्सर कशाला हवा? कारण यंत्राला चार आवाज आत घेता येतात व चार बाहेर देता येतात, पण चारांचे एक गाणे करता येत नाही. १९७९ साली टीॲकनेच 'पोर्टास्टुडिओ' नावाची पेटी काढली. तीत चार ट्रॅकांचा कॅसेट रेकॉर्डर आणि मिक्सर एकत्र होते. रिळाच्या यंत्राला मात्र मिक्सर बाहेरून जोडावा लागतो, आणि सारी गफलत ह्या जोडणीत होते.

पहिली गोष्ट विजेची. आमच्या हाती आलेले यंत्र एका बांधवाने सौदी अरेबियातून आणलेले होते. तेथील घरगुती वीज त्या काळी १२७ व्होल्टांची व ६० सायकलची होती. आपली २३० व्होल्टांची व ५० सायकलची. व्होल्ट उतरविण्यासाठी आम्ही ट्रान्सफॉर्मर लावला आणि खूश झालो. पण ट्रान्सफॉर्मर सायकल बदलीत नाही! ज्या मोटरी सायकलच्या तालावर फिरतात त्या अशा वेळी सहाऐवजी पाचच फेरे घेतात. पंधरा इंचांचा वेग साडेबारावर आला. शाहीर काळी चारमध्ये गात असत. त्यांचा आवाज पांढरी चारमध्ये, आजारी माणसासारखा ओढत येऊ लागला. जाणकार मेकॅनिककडून यंत्र ५० सायकलचे करून घेतले तेव्हा शाहीर आपल्या पट्टीत आले.

आता जोडणी. गिरणीला जसे कापूस आत जाण्याचे दार वेगळे आणि कापड बाहेर पडण्याचे दार वेगळे, तसेच येथे आहे. मिक्सरमधून टेपकडे जाणारी वाट एक आणि टेपकडून मिक्सरमध्ये येणारी वाट दुसरी. मिक्सरला चार ग्रुप असतील तर प्रत्येक ग्रुपचा आउटपुट यंत्राच्या त्याच क्रमांकाच्या लाइन इनपुटला जोडावा. यंत्राचे चार लाइन आउटपुट मिक्सरच्या चार मोकळ्या चॅनेलांच्या लाइन इनपुटला जोडावेत. यंत्राच्या मागे बहुधा आरसीए पिना असतात, मिक्सरवर पाव इंची जॅक, ज्याला बाजारात पी-३८ म्हणतात. एका टोकाला आरसीए व दुसऱ्याला मोनो पी-३८ अशा आठ वायरी लागतील. त्या दोन-तीन मीटरांहून लांब नसाव्यात, आणि दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण चिठ्ठी नसलेली वायर म्हणजे बिल्ला नसलेला स्वयंसेवक. ऐन गर्दीत तो कुठे उभा राहील ह्याचा नेम नाही.

टेपकडून आलेल्या चॅनेलचा आवाज पुन्हा टेपकडे जाणाऱ्या ग्रुपला कधीही देऊ नये. चौथ्या ट्रॅकचा आवाज चौथ्याच ग्रुपला दिला, तर भरण्याच्या वेळी तो यंत्रातून मिक्सरमध्ये, मिक्सरमधून यंत्रात असा गोल फिरत राहतो आणि कानठळ्या बसविणारी शिट्टी वाजते. सभेत माईक स्पीकरपुढे नेला की होते तेच हे. येणारे चॅनेल केवळ ऐकण्याच्या, म्हणजे डाव्या-उजव्या मुख्य आउटपुटला द्यावेत.

ज्यांच्या मिक्सरला ग्रुप नाहीत त्यांनी निराश होऊ नये. ऑक्झिलरीचा आउटपुट यंत्राच्या एका इनपुटला जोडावा आणि एका वेळी एकच ट्रॅक भरावा. गाणाऱ्याच्या चॅनेलवर ऑक्झिलरीचे बटण उघडावे, टेपकडून येणाऱ्या चारही चॅनेलांवर ते शून्यावर ठेवावे. मुख्य आउटपुट ऐकण्यासाठी मोकळा राहतो. दोन्ही वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या.

ह्यानंतर पातळी. माईकमधून येणारी वीज एका व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढी असते; लाइनची तिच्या कैक पट. म्हणून मिक्सरचा आउटपुट यंत्राच्या माईकच्या भोकात घालू नये, आवाज फाटेल. लाइनमध्येही दोन रिवाज आहेत. घरगुती व अर्ध-व्यावसायिक यंत्रे सुमारे ०.३२ व्होल्टवर चालतात, स्टुडिओची यंत्रे सुमारे १.२३ व्होल्टवर. दोहोंत जवळजवळ चौपटीचा फरक. मिक्सर स्टुडिओच्या रिवाजाचा व यंत्र घरगुती असेल, तर जाताना यंत्राचे इनपुट बटण कमी ठेवावे आणि येताना मिक्सरचा गेन वाढवावा. कंडेन्सर माईकसाठी मिक्सरमध्ये ४८ व्होल्टांची जी सोय असते, ती ज्या माईकला हवी त्याखेरीज अन्यत्र बंद असावी.

डोळ्यांनी अंदाज न करता माप घ्यावे. मिक्सरमधून १००० सायकलचा एकसुरी आवाज सोडावा आणि मिक्सरचा काटा शून्यावर आणावा. मग यंत्राच्या इनपुट बटणाने यंत्राचा काटा शून्यावर आणावा. कोऱ्या टेपवर तो आवाज थोडा भरावा, आणि टेपवरून परत येणारा आवाजही शून्यावर दिसेल असे आउटपुट बटण लावावे. चारही ट्रॅकांचे असे झाले की मिक्सर आणि यंत्र एकच भाषा बोलू लागतात. तरी एक सावधगिरी हवी. हा काटा स्वभावाने मंद आहे. पुरता वर चढायला त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. हलगीची थाप त्याच्या आत येऊन जाते. काटा शांत दिसतो आणि टेपवर आवाज चेपलेला निघतो. म्हणून हलगी भरताना काटा शून्याच्या बराच खाली असावा. गळ्याला तो शून्यापर्यंत चालतो.

जोडणी झाल्यावर 'हूं' असा ५० सायकलचा घोघावा येऊ लागला, तर यंत्र व मिक्सर एकाच बोर्डावर लावून पाहावे आणि आवाजाच्या वायरी विजेच्या वायरींपासून दूर कराव्यात. काही लोक घोघावा घालविण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकतात. कामगार चळवळीतला माणूस म्हणून आम्ही हात जोडून सांगतो, हे करू नका. अर्थिंग गाण्यासाठी नाही, माणसासाठी आहे.

आता आमच्या हातून झालेला अपराध सांगतो. तो सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही.

कोऱ्या टेपवर पातळी तपासताना आम्ही चौथ्या ट्रॅकपासून पहिल्याकडे आलो. प्रत्येक ट्रॅकचा भरण्याचा स्विच लावायचा, तपासायचे, बंद करायचा. शेवटी पहिल्याचा स्विच बंद करावयाचा राहिला. मग जुनी टेप चढविली, चौथ्याचा स्विच लावला, पहिले तिन्ही ट्रॅक सिंकवर ठेविले आहेत अशा समजुतीने भरण्याचे बटण दाबले. मुलगी कानांवर हेडफोन लावून उभी होती. तिने हात वर केला आणि विचारले, "काका, बाबा गप्प का झाले?" आम्ही झडप घालून यंत्र थांबविले. दोन सेकंद गेले होते. दोन सेकंद म्हणजे पंधराच्या वेगाला अडीच फूट टेप. तेवढ्या भागात ढोलकी होती, झीलकरी होते, शाहीर नव्हते. मिक्सरमधून पहिल्या ट्रॅकला काहीच जात नव्हते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण पुसणारे हेड काय येते हे पाहत नाही. स्विच लागला की ते पुसते. वायर उपटून ठेवली असती तरीही पुसलेच असते.

कॅसेटच्या पाठीवर जशी मोडून टाकण्याची टिकली असते, तसे संरक्षण रिळाच्या टेपला नाही. ते माणसांनीच करावे लागते. गिरणीत फिटर मशीन उघडतो तेव्हा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो. त्याची हमी दुसऱ्याच्या आठवणीवर सोडत नाही. आम्ही हा नियम दुसऱ्यांना शिकविला आणि स्वतः विसरलो. आता आमच्याकडे दोन नियम आहेत. जुनी टेप चढविली की प्रथम चारही आउटपुट थेट संगणकात चार वेगळ्या ट्रॅकांवर उतरवून घ्यावयाचे. त्याआधी भरण्याच्या एकाही स्विचला हात लावायचा नाही. आणि भरण्यापूर्वी एकाने चारही स्विच मोठ्याने वाचावयाचे, दुसऱ्याने बोट ठेवून पाहावयाचे. त्या काळातील काही टेपांचा लेप दमट हवेने चिकट होतो. टेप किंचाळू लागली किंवा हेडवर तपकिरी गाळ जमला तर तत्काळ थांबावे, हेही सांगून ठेवतो.

त्या दिवशी प्रथम टेपची नक्कल केली, स्विच वाचले, आणि मग मुलीने चौथा ट्रॅक भरला. शेवटी चारही ट्रॅक सिंकवरून काढून वाजविणाऱ्या हेडवर आणले, कारण भरणाऱ्या हेडवरून आवाज थोडा मंद येतो. मिक्सरवर शाहीर मधोमध ठेविले, झीलकरी डावीकडे, ढोलकी-हलगी किंचित उजवीकडे, आणि मुलगी वडिलांशेजारी. गेलेले शब्द तिला पाठ होते. त्या दोन सेकंदांत ती एकटी गाते. गाण्यात दुसऱ्यांदा आलेले तेच शब्द संगणकावर उचलून तेथे बसविता आले असते. आम्ही बसविले नाहीत.

सभेत सर्वांनी एकदम बोलून चालत नाही, हे आम्ही तीस वर्षे सांगत आलो. प्रत्येकाचे म्हणणे वेगळे नोंदवावे आणि मग ठराव लिहावा. चार ट्रॅकांचे यंत्र ती नोंदवही आहे व मिक्सर हा ठराव लिहिणारा. ठराव पुन्हा लिहिता येतो. नोंद पुसली की पुसली. ज्यांच्या घरी माळ्यावर अशी एखादी टेप असेल, त्यांनी वायरी जोडण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे.