झुलते पूल आणि ऊन-थंडी

वाराणसीतील दूधविनायक, ब्रह्मघाट, दुर्गाघाट या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. तेथील एखाद्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालण्यासाठी सैलसर बांधलेली पाच मीटर लांबीची लोखंडी तार आपण वैशाखात नीट न्याहाळून पाहा. पहाटे तिचा झोल पाच सेंटिमीटर असेल, तर भर दुपारी तो सात-साडेसात सेंटिमीटर झालेला आढळेल. तार कोणी ओढली नाही, खुंट्याही हलल्या नाहीत. मग हे झाले कसे?

ऊष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसविताना ती आधी तापवून घेतात आणि निवल्यावर ती लाकडाला घट्ट आवळून बसते, हेही अनेकांनी पाहिले असेल. पोलादाची 1 मीटर लांबी 1 अंश सेल्सियसने तापली, तर ती मिलिमीटरच्या सुमारे 83 व्या भागाइतकी वाढते. वाढ क्षुल्लक खरी. परंतु लांबी मोठी झाली की हिशेब बदलतो.

याच मोहल्ल्यांपासून जवळ, राजघाटाशी गंगेवर मालवीय पूल आहे. 1887 मध्ये तो डफरिन पूल या नावाने खुला झाला. 1948 मध्ये त्याला पंडित मदनमोहन मालवीय यांचे नाव देण्यात आले. त्याच्या सात मोठ्या गाळ्यांपैकी प्रत्येक सुमारे 107 मीटर लांब आहे. पौषातील पहाट आणि ज्येष्ठातील दुपार यांत 40 अंशांचे अंतर धरले, तर एकेका गाळ्याची लांबी सुमारे 5 सेंटिमीटरने कमीजास्त होते. अशा पुलात ही वाढ आडवी सरकते आणि तिच्यासाठी सांध्यांत जागा ठेवावी लागते.

झुलत्या पुलाची गोष्ट मात्र वेगळी. त्याचा रस्ता दोन उंच मनोऱ्यांवरून नेलेल्या पोलादी दोरांना टांगलेला असतो आणि दोरांची टोके काठावरील भक्कम बांधकामात जखडलेली असतात. दोर लांबला, तर त्याला आडवे सरकण्यास वाव नाही. तो गच्चीवरील तारेप्रमाणेच खाली झोल घेतो आणि त्याबरोबर रस्ताही खाली येतो. थंडीत दोर आखडला की रस्ता वर उचलला जातो.

कहाणी गंगेच्याच वरच्या अंगाची घेऊ. ऋषिकेशजवळचा जुना पूल 1924 च्या पुरात वाहून गेल्यावर नवा लक्ष्मणझुला बांधण्यात आला आणि 1930 मध्ये तो खुला झाला. त्याचा गाळा सुमारे 137 मीटरचा. जीर्ण झाल्यामुळे 2020 मध्ये तो रहदारीस बंद करण्यात आला. त्याच वर्षी टिहरीच्या जलाशयावर डोबरा-चांठी हा झुलता पूल सुरू झाला. त्याचा मुख्य गाळा 440 मीटरचा आहे. दोराचा झोल गाळ्याच्या दहाव्या हिश्शाइतका आणि तापमानातील फरक 30 अंश धरून हिशेब केला, तर लक्ष्मणझुल्याएवढ्या पुलाचा मध्य सुमारे 9 सेंटिमीटर खालीवर होईल, डोबरा-चांठीएवढ्या पुलाचा सुमारे 30 सेंटिमीटर. तुर्कस्तानात 2022 मध्ये खुल्या झालेल्या चानाक्काले पुलाचा गाळा 2,023 मीटर आहे. तेवढ्या गाळ्यासाठी हा फरक सुमारे 1.4 मीटर, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीइतका येतो! मनोऱ्यांपलीकडील दोरही लांबत असल्याने प्रत्यक्ष फरक थोडा अधिकच असतो.

शिवाय सगळा पूल एकाच वेळी तापत नाही. रस्त्याचे पातळ पत्रे लवकर तापतात व लवकर निवतात; जाडजूड दोर सावकाश. उन्हाकडील बाजू आणि सावलीतील बाजू यांतही फरक पडतो. म्हणूनच दोरांचा झोल मोजण्याचे नाजूक काम अभियंते सूर्योदयापूर्वी, रात्रीच्या वेळी करतात. तेव्हा सर्व भागांचे तापमान जवळजवळ सारखे असते.

या हालचालीला भिण्याचे कारण नाही. भीती आहे ती हालचाल अडण्याची. पोलादाचा एखादा भाग दोन्ही टोकांना जखडून 30 अंशांनी तापविला, तर त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 700 किलोग्रॅमहून अधिक दाब येतो. रस्त्याच्या टोकाशी असलेल्या सांध्यांत माती, खडे व पालापाचोळा साचला किंवा खालचे रोलर गंजून बसले, तर हाच दाब खांबांवर आणि जोडांवर पडतो. वर्षानुवर्षे असे घडत राहिले, की चिरा पडतात, रिव्हेट सैल होतात आणि मजबूत बांधलेला पूलही अकाली थकतो.

तेव्हा वाचकहो, यापुढे पूल ओलांडताना चाकाखाली सांध्याचा खटका वाजला, तर ती बांधकामातील उणीव समजू नका. ती फट जाणूनबुजून ठेवलेली आहे. तिच्यात केरकचरा टाकू नका आणि मुलांनाही तिचे प्रयोजन समजावून सांगा. पूल बांधण्याचे काम एकदाच होते. त्याच्या हालचालीची वाट मोकळी ठेवण्याचे काम मात्र दर ऋतूला करावे लागते.