पुनरुक्ती की पाल्हाळ?

शाळेचे स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सव असो की निवृत्तीचा सत्कार, वक्त्याने ‘आज या ठिकाणी’ चौथ्यांदा म्हटले की मागच्या रांगेत चुळबूळ सुरू होते. त्यामुळे पुनरुक्ती म्हणजे दोष, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. पण जाणत्या वक्त्याच्या तोंडी हीच पुनरुक्ती किती प्रभावी ठरते, याचा नमुना तामिळनाडूतील कुंभकोणम येथे झालेल्या एका भाषणात सापडतो.

शिकागोची १८९३ ची सर्वधर्म परिषद गाजवून स्वामी विवेकानंद जानेवारी १८९७ मध्ये मायदेशी परतले. मद्रासकडे जाताना ते कुंभकोणमला थांबले आणि वेदान्ताच्या कार्यावर इंग्रजीत बोलले. देश पारतंत्र्यात होता. स्वतःला दुबळे मानण्याची लोकांना सवय जडली होती. ती त्यांना मोडायची होती.

कठोपनिषदातील जागे होण्याची हाक त्यांनी दिली आणि लगेच पुन्हा दिली. मात्र दुसऱ्या वेळी कशातून जागे व्हायचे तेही सांगितले: दुबळेपणाच्या भुरळीतून! पाठोपाठ खुलासा आला, की खरे तर कोणीच दुबळा नाही. पुढे एकाच वाक्यात ‘येईल’ हे क्रियापद पाच वेळा आले. पण दर खेपेला येणारी गोष्ट निराळी. सामर्थ्यापासून निघालेली ही चढण जे जे उत्तम ते सारे, येथवर पोचली. आणि शेवटी अट: निजलेला आत्मा जागा झाला तरच! आश्वासनाची जबाबदारी झाली, तीही श्रोत्याची.

मराठी माणसाला ही रीत परकी नाही. कीर्तनकार ध्रुपदाकडे पुन्हा पुन्हा वळतो. पण मधल्या निरूपणाने त्याचा अर्थ दर वेळी वाढलेला असतो. मराठ्यांच्या अमलात हेच कीर्तन तंजावर प्रांतात गेले आणि तेथील हरिकथेला त्याने वळण दिले.

वाचणाऱ्याला मागचे पान उलटता येते, ऐकणाऱ्याला नाही. म्हणून मुख्य मुद्दा पुन्हा सांगावाच लागतो. समजा, सोसायटीच्या सभेत ‘पाणी जपा’ हे सांगायचे आहे. पहिल्यांदा त्याला टँकरच्या रांगेचा दाखला जोडा, दुसऱ्यांदा टंचाईचे कारण, तिसऱ्यांदा प्रत्येक घराने आज रात्रीच करायचे काम. नंतर एकेक पुनरुक्ती गाळून भाषण वाचून पाहा. काही हरवले, तर ती ठेवा. काहीच हरवले नाही, तर तो पाल्हाळ. त्यावर खुशाल काट मारा.