गाडीच्या दारापाशी

शाळेसमोर मोटार थांबते. आई मुलाला बजावते, हा वेळ अभ्यासात सत्कारणी लाव. तेथे अभ्यास करू देत नाहीत, असे तो सांगतो. तरीही काही तोड काढ, हे आईचे उत्तर. दुसऱ्या गाडीतले वडील संतापले आहेत, पण मुलाने एका दुबळ्या सोबत्याला छळले म्हणून नव्हे, तो पकडला गेला म्हणून. आणखी एका गाडीतून मुलगी उतरते, निरोप घ्यायला वळते, तोच गाडी निघून जाते.

जॉन ह्यूज यांच्या १९८५ सालच्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’ या अमेरिकी चित्रपटाचा हा आरंभ. पाच विद्यार्थ्यांनी शिक्षा म्हणून शनिवारचा दिवस शाळेच्या ग्रंथालयात काढायचा आणि ‘मी कोण’ यावर हजार शब्दांचा निबंध लिहायचा. त्यांचे उत्तर मात्र इतरांनी आधीच ठरवलेले आहे: एक हुशार, एक खेळाडू, एक श्रीमंत घरची लाडकी, एक गुंड, एक विक्षिप्त. (संवाद शिवराळ आहेत, मुले गांजाही ओढतात, नातवंडांसमवेत पाहण्याआधी आपण एकट्याने पाहावा.)

वाचकहो, या पाचांत आपण सर्वांत निश्चिंत असू ते हुशार ब्रायनविषयी. ‘आमचा अभ्यासू’ म्हणून आपणही एखाद्या नातवाचे असेच कौतुक करीत असतो. त्या ब्रायनने हत्तीच्या आकाराचा दिवा बनवला. सोंड ओढूनही तो लागला नाही आणि तो त्या विषयात नापास झाला. त्याला जगणे नकोसे झाले. त्याच्या कपाटात संकेतज्योत सोडण्याचे पिस्तूल सापडले. हे ऐकून सोबती स्तब्ध होतात; मग ते पिस्तूल कपाटातच उडाल्याचे कळताच हसू फुटते आणि ब्रायनही हसतो. ते हसू पाहून निर्धास्त होऊ नये.

सोमवारी आपण मित्र असू का, असे तो विचारतो, तेव्हा श्रीमंत घरची क्लेअर नाही म्हणते. तिचे बोलणे झोंबते, पण ते खरे आहे. शाळेतील कंपू एका दिवसात मोडत नाहीत.

घरी मात्र आजी-आजोबांपाशी वेळ असतो. नातवाची झोप वा भूक बदलली, मित्र तुटले, आवडता खेळ सुटला, तर गुणांची चौकशी बाजूला ठेवावी. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. होकार आला तर मुलाला एकटे सोडू नये, आईवडिलांना लगेच सांगावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, काळजी घेणाऱ्यांनाही.