संकरित गांजा : नाव नवं, गुन्हा तोच

कापसाच्या हंगामात नंदुरबार-शहादा भागातल्या कोणत्याही कृषी केंद्रावर गेलं, की एकच प्रश्न कानावर येतो, ‘यंदा कुठलं वाण चाललंय?’ कापूस संकरित, मिरची संकरित, पपईही संकरित. हा शब्द आता आपल्या घरातलाच झाला आहे आणि त्याच्यावर आपला विश्वासही बसला आहे. पण हाच शब्द एखाद्या भलत्याच झाडाला लावून कुणी शेतकऱ्याच्या दारात आलं तर? ते झाड म्हणजे गांजा. सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, कापसाच्या आणि तुरीच्या आड लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटून नष्ट केल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचतो. म्हणून संकरित गांजा म्हणजे नेमकं काय आणि त्यापायी शेतकऱ्यावर काय ओढवतं, ते आज समजून घेऊ.

आधी संकर म्हणजे काय ते पाहू. वेगवेगळ्या गुणांच्या दोन झाडांपासून तिसरं झाड तयार करणं म्हणजे संकर. व्यापारी लागवडीसाठी आलेलं जगातलं पहिलं संकरित कापूस वाण ‘एच-४’ हे आपल्या शेजारी सुरतेला, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये दिलं. कापसाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. त्यामुळे संकर करायचा, तर फुलातला नर भाग हातानं काढावा लागतो. गांजाचं तसं नाही. त्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नराचे परागकण वाऱ्यावर दूरवर जातात. त्यामुळे या झाडात संकर आपोआपही होत राहतो.

लिनियस या शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये या झाडाला ‘कॅनाबिस सटायव्हा’ असं नाव दिलं. पुढे १७८५ मध्ये लामार्क यानं भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ हे दुसरं नाव दिलं. आज बाजारी भाषेत उंच, अरुंद पानांच्या झाडाला सटायव्हा आणि बुटक्या, रुंद पानांच्या, लवकर तयार होणाऱ्या झाडाला इंडिका म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये कोलंबिया, मेक्सिको आणि अफगाणिस्तानातल्या वाणांचे संकर झाले. हेतू असा, की एकाची नशा आणि दुसऱ्याचा बुटका, लवकर येणारा बांधा एका झाडात यावा. आज जगात जी शेकडो नावं ऐकू येतात, त्यांतली बरीचशी अशा संकरांची संतती आहे.

पण नावावर जाऊ नये. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अनेक नमुन्यांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा पाकिटावरचं नाव आणि आतलं झाड यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही असं दिसलं. आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. संकरित कापसाची सरकी घरी धरून पुढल्या वर्षी पेरली, तर एक झाड उंच, एक ठेंगणं, बोंडं निरनिराळी, असा प्रकार होतो. पहिल्या पिढीतला सारखेपणा दुसऱ्या पिढीत विस्कटतो. गांजाच्या संकरालाही हाच नियम लागू आहे.

नशा आणणाऱ्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते वेगळं काढलं. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक ग्रंथी असतात, त्यांतल्या चिकात ते साठतं. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात त्याचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४ मध्ये सुमारे १२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आजोबांच्या काळच्या चिलमीतला गांजा आणि आजचा संकरित गांजा यांत मोठा फरक पडला. विशेषतः कोवळ्या वयाच्या मुलांच्या मनावर याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

एकेकाळी हे पीक सरकारी परवान्यानं निघत असे. १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगानं देशभरची माहिती गोळा केली. आपल्याजवळच्या खंडव्याला आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात परवान्यानं गांजा होत असे. तो काळ मागे पडला. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला आणि परवान्याशिवाय हे झाड लावणं हा गुन्हा ठरला. त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २० किलोहून जास्त माल सापडला, तर ती व्यापारी मात्रा समजली जाते. मग शिक्षा १० ते २० वर्षांची, आणि जामीनही सहजासहजी मिळत नाही.

या कायद्यात देशी आणि संकरित असा भेद नाही. कॅनाबिस कुळातलं कोणतंही झाड त्यात येतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तुम्ही कसत असलेल्या जमिनीवर ते झाड सापडलं आणि त्याचा समाधानकारक खुलासा तुम्हाला देता आला नाही, तर गुन्हा तुमचाच मानला जातो. बियाणं देणारा, माल उचलणारा आणि पैसे मोजणारा यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. सातबाऱ्यावर किंवा वनपट्ट्यावर नाव असतं ते कसणाऱ्याचं. आपल्या जमिनीत असं झाड आढळलं, तर लगेच कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे. सरपंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही कायद्यानं तीच जबाबदारी टाकली आहे.

आता दोन शंका. पहिली अंबाडीची. तिच्या एका जातीचं शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ आहे, कारण तिचं पान गांजाच्या पानासारखं हातपंजाच्या आकाराचं असतं. पण ती भेंडीच्या कुळातली. तिची भाजी निर्धास्त खावी. दुसरी शंका, उत्तराखंडात तर याची शेती चालते ना? तिथे सरकारनं परवाना देऊन धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवड करू दिली आहे, आणि त्यातही टीएचसी ०.३ टक्क्यांहून कमी असलं पाहिजे ही अट आहे. त्या बातमीच्या भरवशावर इथे बी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या परवान्यावर आपली गाडी चालवण्यासारखं आहे.

कापसाचं बियाणं फसलं, तर एक हंगाम जातो. पंचनामा होतो, तक्रार करता येते, पुढल्या पावसाळ्यात पुन्हा उभं राहता येतं. या बियाण्याचं तसं नाही. ते चांगलं उगवलं, तरच घराचा कर्ता माणूस तुरुंगात जातो. म्हणून पावती नसलेलं, नाव न सांगता दिलेलं आणि ‘उत्पन्न दहापट, कुणाला सांगू नका’ असं म्हणून हाती ठेवलेलं बियाणं आलं, तर ते परत करावं. आणि शेजाऱ्यालाही सावध करावं.